चोरून केलेली लग्नं आणि पोपची चिठ्ठी: मध्ययुगीन इंग्लंडच्या राजघराण्यातल्या बायकांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या राजघराण्यातल्या भानगडींचा विषय निघाला की सगळे थेट आठव्या हेन्रीवर आणि त्याच्या सहा बायकांवर येऊन थांबतात. पण त्याच्या आधीची दीडशे वर्षं जास्त मसालेदार आहेत आणि त्यातल्या बायका जास्त हुशार आहेत असं माझं ठाम मत. मी या विषयावर बोलायला लागले की घरचे उठून जातात, मैत्रिणी मात्र तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतेय. आधीच सांगते, "खरं प्रेम होतं का" याचं उत्तर यात फारसं मिळणार नाही, "कागद कुणाकडे होता" याचं मात्र मिळेल.

नेमकं कुणाकुणाबद्दल बोलतोय आपण?

मुख्य सहा जणी. जोन ऑफ केंट, कॅथरीन स्विनफर्ड, फ्रान्सची राजकन्या कॅथरीन, एलेनॉर कॉबम, लक्झेंबर्ग घराण्यातली जॅकेटा आणि जॅकेटाची मुलगी एलिझाबेथ वूडव्हिल. साधारण १३४० ते १४८६ हा काळ. दोन कॅथरीन आहेत, पुढे दुसरी एक एलेनॉर येते, एडवर्ड तर मोजूच नका. आपण दोन बाजीराव आणि दोन माधवराव सांभाळतोच ना, तसंच हे सांभाळायचं.

चोरून केलेलं लग्न कायदेशीर कसं काय धरलं जायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण पुढची सगळी भांडणं इथूनच सुरू होतात. बाराव्या शतकात पोप तिसऱ्या अलेक्झांडरच्या काळात चर्चचा नियम पक्का झाला की लग्न म्हणजे दोघांची संमती. मुलानं म्हटलं "मी तुला बायको म्हणून स्वीकारतो", मुलीनं म्हटलं "मी तुला नवरा म्हणून स्वीकारते", झालं लग्न. पाद्री नको, चर्च नको, आईबापाची परवानगीसुद्धा नको. फक्त क्रियापद वर्तमानकाळात पाहिजे. "स्वीकारेन" म्हटलंत तर तो नुसता साखरपुडा, पण त्यानंतर दोघं एकत्र झोपले तर त्याचंही लग्नच झालं असं धरायचे. मुलीचं वय १२ आणि मुलाचं १४ झालेलं असलं की पुरे.

आता १२१५ च्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे चर्चच्या मोठ्या सभेनं, असं सांगितलं होतं की लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर घोषणा करा, कुणाची हरकत असेल तर कळू दे. पण घोषणा न करता लग्न लावलंत तर ते पाप होतं, चूक होती, शिक्षाही व्हायची, लग्न मात्र लग्नच राहायचं. थोडक्यात आपला गांधर्व विवाह, फक्त मागाहून कोर्टात सिद्ध करायची पाळी आली की रडारड. साक्षीदार असतील तर ठीक, नसतील तर एकाचा शब्द विरुद्ध दुसऱ्याचा. ही पळवाट चर्चनं बंद केली ती थेट १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत, म्हणजे आपल्या सहाही जणी जाऊन कित्येक वर्षं झाल्यावर.

जोन ऑफ केंटला एकाच वेळी दोन नवरे होते हे खरं का?

हो, आठ-नऊ वर्षं.

जोन ही पहिल्या एडवर्ड राजाची नात. तिचा बाप, केंटचा अर्ल, १३३० मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून मारला गेला, आणि त्याचा शिरच्छेद करायला कुणी तयारच होईना म्हणून तो संध्याकाळपर्यंत ताटकळत उभा होता, शेवटी एका कैद्यानं ते काम केलं. जोन तेव्हा तान्ही. ती राजवाड्यातच वाढली. १३४० च्या सुमारास, म्हणजे जेमतेम बारा वर्षांची असताना, तिनं थॉमस हॉलंड नावाच्या नाइटशी गुपचूप लग्न केलं. तो पंचविशीतला, कर्तबगार पण खिसा रिकामा. लग्न लागलं आणि हा पठ्ठ्या प्रशियाकडे धर्मयुद्धाला निघून गेला.

इकडे घरच्यांनी काय केलं, तर सॅल्सबरीच्या अर्लचा मुलगा विल्यम माँटेग्यू याच्याशी तिचं थाटामाटात लग्न लावून दिलं. तिनं पहिल्या लग्नाबद्दल सांगितलं आणि कुणी ऐकलं नाही, की भीतीपोटी ती गप्प बसली, यावर इतिहासकार आजही भांडतात. मला दुसरी शक्यता पटते, बारा-तेरा वर्षांची बिनबापाची पोर कुणापुढे तोंड उघडणार. हॉलंड परत आला तर बायको दुसऱ्याच्या घरात. आणि ऐका, त्यानं काही वर्षांनी नोकरी कुठे धरली तर त्याच माँटेग्यूच्या घरी कारभारी म्हणून! सीरियलमध्ये दाखवलं तर आपण म्हणू काहीतरीच दाखवतात.

गाडी हलली ती पैशानं. १३४६ मध्ये फ्रान्समध्ये कॉं शहराच्या लढाईत हॉलंडच्या हाती फ्रान्सचा मोठा सेनाधिकारी, यू चा काउंट, जिवंत सापडला. असा कैदी म्हणजे लॉटरी, कारण खंडणी मिळते. इंग्लंडच्या राजानं, तिसऱ्या एडवर्डनं, तो कैदी हॉलंडकडून ८०,००० फ्लोरिनला (सोन्याची नाणी) घेतला. पैसा ठरल्याबरोबर हॉलंडनं पोपच्या दरबारात, तेव्हा पोप आव्हिन्याँला बसायचा, अर्ज टाकला की माझी बायको मला परत द्या. म्हणजे लग्न सहा वर्षं जुनं होतं, वकील करायची ऐपत मात्र आत्ता आली.

माँटेग्यूनं जोनला कोंडून ठेवलं, तिला स्वतःच्या वतीनं वकील देता येईना, त्यावर पोपला मध्ये पडावं लागलं. जोननं साक्ष दिली ती हॉलंडच्या बाजूनं. नोव्हेंबर १३४९ मध्ये पोप सहाव्या क्लेमेंटनं निकाल दिला, हॉलंडचं लग्न खरं, माँटेग्यूचं लग्न मुळात झालंच नाही. तेव्हा हा घटस्फोट नव्हे. घटस्फोट अशी गोष्टच नव्हती, लग्न एकतर होतं किंवा नव्हतं.

मग बिचाऱ्या माँटेग्यूचं काय झालं?

काही नाही, त्यानं दुसरं लग्न केलं. सगळ्यात मजेशीर गोष्ट म्हणजे तिसऱ्या एडवर्डनं ऑर्डर ऑफ द गार्टर (निवडक नाइटांचं मानाचं मंडळ) काढली तेव्हा पहिल्या नाइटांच्या यादीत हॉलंडही होता आणि माँटेग्यूही. पोपच्या कोर्टात एकाच बाईसाठी केस चालू आणि इथे एकाच पंगतीला.

एवढं झाल्यावर युवराजानं तिच्याशी लग्न कसं केलं?

हॉलंड १३६० च्या डिसेंबरात वारला. जोन तेव्हा तिशी ओलांडलेली, पदरात मुलं. आणि काही महिन्यांतच राजाचा थोरला मुलगा, गादीचा वारस, ज्याला आपण ब्लॅक प्रिन्स म्हणून ओळखतो, त्यानं तिच्याशी लग्न केलं, तेही आधी गुपचूप. युवराज म्हणजे परदेशी राजकन्या आणायचं, तह करायचं, हुंडा उकळायचं हक्काचं साधन, आणि हा घरातल्याच विधवेशी लग्न करून मोकळा. एक नवरा नुकता गेलेला, दुसरा जिवंत आणि दरबारात हजर!

त्यात नातं बघा. जोनचा बाप आणि युवराजाचा आजा हे सावत्र भाऊ, म्हणजे जोन ही युवराजाच्या बापाची चुलत बहीण. आपल्या हिशेबानं चुलत आत्या. आपल्याकडे सगोत्र म्हणून नाक मुरडतील तसं तिकडे चर्च चार पिढ्यांपर्यंतचं नातं मोजायचं (आधी तर सात पिढ्या होत्या, १२१५ मध्ये चारवर आणल्या कारण सरदारांना लग्नाला कुणी उरतच नव्हतं). वर आणखी एक अडचण, युवराज जोनच्या मुलाचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता होता, आणि मुलाच्या आईशी धर्मपित्याचं लग्न चालत नाही, ते आध्यात्मिक नातं धरलं जातं.

तर पुन्हा पोप. सहाव्या इनोसंटनं सूट दिली, पण बदल्यात दोन प्रार्थनास्थळं बांधायला लावली. १० ऑक्टोबर १३६१ ला विंडसरमध्ये रीतसर लग्न लागलं. कँटरबरी कॅथीड्रलच्या तळघरात युवराजानं बांधलेलं ते चॅपल अजून आहे. त्यांचा मुलगा पुढे १३७७ मध्ये दहा वर्षांचा असताना दुसरा रिचर्ड म्हणून राजा झाला, युवराज स्वतः त्याआधीच आजारानं गेला होता.

"फेअर मेड ऑफ केंट" म्हणजे ती खरंच एवढी सुंदर होती का?

फ्रॉइसार्ट नावाचा त्या काळचा बखरकार म्हणतो की होती. पण ते टोपणनाव नंतरचं आहे. आणि बखरकार ज्या बाईबद्दल "सुंदर" लिहितात तिथे पुढच्या ओळीत "चंचल" येणारच हे मी आता गृहीतच धरते. कागदपत्रांत जी जोन दिसते ती वाटाघाटी करणारी बाई आहे, १३८० च्या दशकात तरुण राजा आणि त्याचा काका यांच्यात समेट घडवायला धावपळ करणारी.

कॅथरीन स्विनफर्ड रखेल होती की बायको?

आधी रखेल, मग बायको, आणि मध्ये साधारण पंचवीस वर्षं.

कॅथरीन एनो प्रांतातून आलेल्या एका साध्या नाइटची मुलगी. तिची बहीण फिलिपा ही कवी चॉसरची बायको. कॅथरीनचं लग्न लिंकनशायरच्या ह्यू स्विनफर्डशी झालं, तो १३७१ मध्ये वारला. तिसऱ्या एडवर्डचा मुलगा जॉन ऑफ गाँट, लँकेस्टरचा ड्यूक, प्रचंड श्रीमंत माणूस, त्याच्या मुलींना सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. ड्यूकची पहिली बायको ब्लांश वारली होती आणि १३७१ मध्ये त्यानं कॅस्टिलच्या कॉन्स्टन्सशी लग्न केलं, कारण त्या लग्नातून स्पेनमधल्या त्या राज्यावर हक्क सांगता येत होता. म्हणजे राज्यासाठी एक बायको आणि घरी कॅथरीन. कॅथरीनपासून चार मुलं झाली, त्यांना ब्यूफर्ट आडनाव मिळालं.

१३८१ मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं, लंडनमधला ड्यूकचा सॅव्हॉय राजवाडा लोकांनी जाळला, आणि ड्यूकला एकदम पश्चात्ताप झाला. त्यानं जाहीरपणे कॅथरीनला सोडलं. ती लिंकनला राहायला गेली. खरंच सोडलं की लोकांपुरतं, हे विचारू नका, पैसे आणि भेटी चालूच होत्या.

कॉन्स्टन्स १३९४ मध्ये वारली आणि जानेवारी १३९६ मध्ये ड्यूकनं लिंकन कॅथीड्रलमध्ये कॅथरीनशी लग्न केलं. तो पंचावन्नचा, ती पंचेचाळीसच्या आसपास. रखेलीशी कुणी लग्न करतं का? करायचं नसतंच मुळी! दुसरी श्रीमंत विधवा बघायची असते. दरबारातल्या बायका भडकल्या, कारण दुसऱ्या रिचर्डची राणी तेव्हा हयात नव्हती, नवी राणी यायला अजून काही महिने होते, म्हणजे राज्यातली पहिली बाई म्हणून मान कुणाला, तर कॅथरीनला. फ्रॉइसार्ट लिहितो की मोठमोठ्या घरच्या बायकांनी ठरवलं, ती असेल तिथे आम्ही पाऊल टाकणार नाही. पण टाकावं लागलं हो, राजाच्या काकाची बायको होती ती.

मुलं औरस कशी झाली? लग्नाआधीची होती ना?

दोन कागदांनी. पोप नवव्या बॉनिफेसनं १३९६ मध्ये लग्न आणि मुलं दोन्हींना मान्यता दिली (इथेही पुन्हा धर्मपित्याची भानगड होती, ड्यूक कॅथरीनच्या आधीच्या मुलीचा धर्मपिता). मग १३९७ मध्ये दुसऱ्या रिचर्डनं पार्लमेंटमध्ये तेच जाहीर केलं.

आता यातली मेख. १४०७ मध्ये गादीवर होता चौथा हेन्री, म्हणजे ब्लांशचा मुलगा, ब्यूफर्ट मंडळींचा सावत्र भाऊ. त्यानं तोच कागद पुन्हा पक्का करून दिला आणि मध्ये लॅटिनमध्ये तीन शब्द घुसवले, अर्थ काय तर "राजपद सोडून". बाकी सगळं तुमचं, गादी मागायची नाही. सख्ख्या नात्यात वाटणीच्या कागदावर लोक असंच करतात. आता पार्लमेंटनं मंजूर केलेल्या मजकुरात राजा एकटा असे शब्द घालू शकतो का यावर वाद घालत बसा, पण पुढे १४८५ मध्ये जो गादीवर बसला तो सातवा हेन्री आईकडून ब्यूफर्टच होता, आणि तेव्हा ते तीन शब्द काही आडवे आले नाहीत.

विधवा राणीनं पुन्हा लग्न करायचं नाही असा कायदा होता का?

होता, आणि तो जवळजवळ एकाच बाईसाठी केला होता. फ्रान्सची राजकन्या कॅथरीन, पाचव्या हेन्रीची बायको. १४२० मध्ये लग्न, १४२१ मध्ये मुलगा, १४२२ मध्ये नवरा गेला. वय वर्षं २०. मांडीवरचं पोर राजा आणि स्वतः परक्या देशात. तिचं नाव एडमंड ब्यूफर्टशी जोडलं जायला लागलं तसे राजाचे काके घाबरले, कारण ती ज्याच्याशी लग्न करेल तो राजाचा सावत्र बाप होणार. १४२७-२८ च्या पार्लमेंटनं ठरवलं, राजाच्या परवानगीशिवाय कुणी विधवा राणीशी लग्न केलं तर त्याच्या जमिनी आयुष्यभरासाठी जप्त. आणि परवानगी राजा सज्ञान झाल्यावरच देऊ शकणार. राजा तेव्हा सहा वर्षांचा!

कॅथरीननं काय केलं तर ज्याच्याकडे जप्त करायला जमीनच नाही असा माणूस शोधला. ओवेन ट्यूडर, वेल्सचा, आणि वेल्सच्या लोकांना तेव्हा इंग्लंडमध्ये पूर्ण हक्कही नव्हते. हे तिनं मुद्दाम केलं की योगायोग, मला माहीत नाही, पण हसू येतं. तो नाचताना तोल जाऊन तिच्या मांडीवर पडला वगैरे किस्से नंतरचे आहेत, ऐकायला छान. लग्न कधी आणि कुठे झालं याची नोंद सापडत नाही. मुलं मात्र झाली आणि ती १४३७ मध्ये वारेपर्यंत कुणी त्यांना हात लावला नाही. ती गेल्या गेल्या ओवेनला धरलं, न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं, तो पळाला, पुन्हा सापडला, शेवटी माफी मिळाली. १४६१ मध्ये हरफर्डला त्याचं डोकं उडवलं तेव्हा तो म्हणाला म्हणे की राणी कॅथरीनच्या मांडीवर टेकायचं ते डोकं आता ओंडक्यावर टेकणार.

एलेनॉर कॉबमला जादूटोण्यासाठी शिक्षा झाली, तिनं खरंच काही केलं होतं का?

ज्योतिषाला पत्रिका दाखवली होती, एवढं तिनं मान्य केलं. अडचण ही की राजा कधी मरणार हे विचारलं असं सरकारचं म्हणणं होतं.

एलेनॉर ही ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री, म्हणजे त्याच बालराजाचा काका, याची दुसरी बायको. ती आधी त्याच्या पहिल्या बायकोच्या, एनोच्या जॅकलीनच्या, सेवेत होती. पोपनं हम्फ्रीचं जॅकलीनशी झालेलं लग्न १४२८ मध्ये रद्द ठरवलं कारण तिचा आधीचा नवरा जिवंत होता, आणि हम्फ्रीनं लगेच एलेनॉरशी लग्न केलं. यावर लंडनच्या काही बायका पार्लमेंटसमोर जाऊन निषेधाचं पत्र देऊन आल्या होत्या, बाजारातल्या साध्या बायका, की ड्यूकनं बायकोला वाऱ्यावर सोडलं. मला हा प्रसंग फार आवडतो.

१४३५ नंतर हम्फ्री गादीचा पुढचा वारस झाला, राजाला मूल नव्हतं, म्हणजे राजा मेला की एलेनॉर राणी. अशा बाईनं राजाची पत्रिका काढायला लावणं म्हणजे स्वतःहून फास गळ्यात घालणं. १४४१ मध्ये तिला आणि तिच्या माणसांना पकडलं. मार्जरी जॉर्डमेन नावाच्या बाईकडून मेणाची बाहुली घेतल्याचा आरोप होता, एलेनॉर म्हणाली ती मूल व्हावं म्हणून घेतली. मार्जरीला स्मिथफील्डला जिवंत जाळलं, ज्योतिष सांगणारा रॉजर बॉलिंगब्रोक याला फाशी देऊन त्याचे तुकडे केले. एलेनॉरला तीन वेगवेगळ्या दिवशी, ते पण बाजाराचे दिवस बघून, हातात मेणबत्ती घेऊन लंडनच्या रस्त्यांवरून चालत फिरवलं. लग्न रद्द. उरलेलं आयुष्य किल्ल्यांमध्ये कैदेत, १४५२ मध्ये बोमारिसला वारली. खरा नेम ड्यूकवर होता, बळी बायकोचा गेला. तिच्या केसमुळे एक निघालं, १४४२ मध्ये कायदा झाला की मोठ्या सरदारांच्या बायकांनाही सरदारांसारखाच बरोबरीच्या लोकांसमोर खटला मिळेल.

जॅकेटाला दंड कशाचा झाला?

लग्नाचा. ती राजाच्या काकाची, बेडफर्डच्या ड्यूकची, तरुण विधवा. १४३६ मध्ये तिला विधवेचा हिस्सा देताना अट घातली होती की परवानगीशिवाय लग्न करायचं नाही. तिनं नवऱ्याच्याच पदरी असलेल्या रिचर्ड वूडव्हिलशी करून टाकलं. १,००० पाउंड दंड भरला आणि मिटलं. चौदाच्या आसपास मुलं झाली.

मग एलिझाबेथ वूडव्हिलनं आईचीच कॉपी मारली म्हणायची?

उलटी कॉपी. आई वरून खाली आली, मुलगी खालून वर गेली. एलिझाबेथचा पहिला नवरा जॉन ग्रे १४६१ मध्ये सेंट ऑल्बन्सच्या लढाईत मेला, तोही लँकेस्टरच्या बाजूनं लढताना, म्हणजे चौथ्या एडवर्डच्या शत्रुपक्षात (तेव्हा गादीसाठी लँकेस्टर आणि यॉर्क या दोन घराण्यांत लढाया चालू होत्या, एडवर्ड यॉर्कचा). दोन मुलं, जमिनीवरून सासरशी वाद. राजा तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. १ मे १४६४ ला ग्राफ्टनला तिच्या माहेरी लग्न झालं, हजर कोण तर आई आणि एकदोन माणसं.

सप्टेंबरपर्यंत कुणाला पत्ता नाही. आणि तोपर्यंत वॉरिकचा अर्ल, ज्यानं एडवर्डला गादीवर बसवलं, तो फ्रान्सच्या राजाच्या मेहुणीची सोयरीक जुळवत बसलेला! रेडिंगच्या बैठकीत लग्नाचा विषय निघाला तेव्हा राजानं सांगितलं की अहो माझं झालंय. वॉरिकची काय अवस्था झाली असेल, मुलीकडच्यांना शब्द देऊन आलेला मध्यस्थ आणि नवरदेव म्हणतोय माझं मे महिन्यातच झालं.

पुढे तिच्या भावाबहिणींची लग्नं धडाधड मोठ्या घरांत लावली गेली. विशीतला भाऊ जॉन आणि साठी पार केलेली नॉरफकची विधवा डचेस, या जोडीला त्या काळच्या एका लेखकानं सैतानी लग्न म्हटलंय. (विशीतली मुलगी आणि साठीचा नवरा असला की कुणी काही म्हणत नसे, हे आपलं सहज.)

जॅकेटावर करणीचा आरोप झाला तो एलिझाबेथच्या लग्नावरून ना?

आधी १४६९ मध्ये, वॉरिकनं बंड करून तिचा नवरा आणि तोच मुलगा जॉन दोघांना मारल्यावर. कुणीतरी शिशाची बाहुली आणून दाखवली, माणसासारखी दिसणारी, मधून मोडलेली, तारेनं बांधलेली. जॅकेटा गप्प बसली नाही, राजाच्या सल्लागार मंडळापुढे गेली, साक्षीदार फुटले, आणि १४७० च्या सुरुवातीला आपण निर्दोष असल्याची तिनं रीतसर नोंद करून घेतली. एलेनॉर कॉबमचं काय झालं हे तिनं स्वतः जवळून पाहिलेलं, त्या घराण्यातल्या दोघी जावाच होत्या.

१४८३ मध्ये एलिझाबेथच्या मुलांना, म्हणजे राजपुत्रांना, अनौरस कसं ठरवलं?

आता वर दिलेला वर्तमानकाळाचा नियम आठवा. एडवर्ड एप्रिल १४८३ मध्ये वारला, मुलगा १२ वर्षांचा. मुलाचा काका रिचर्ड, जो लगेच स्वतःच राजा झाला, त्याच्या बाजूनं असं पुढे आलं की एडवर्डनं एलिझाबेथच्या आधी एलेनॉर टॅलबटला (ही आपली दुसरी एलेनॉर) लग्नाचा शब्द दिला होता, तेव्हा दुसरं लग्न खोटं आणि मुलं अनौरस. एलेनॉर १४६८ मध्येच वारली होती, एडवर्डही नाही, विचारायचं कुणाला? १४८४ च्या पार्लमेंटनं हे कायद्यात घातलं, आणि भर म्हणून लिहिलं की राजाला एलिझाबेथनं आणि तिच्या आईनं जादूटोण्यानं भुलवलं. जॅकेटाला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

माझं मत विचाराल तर शब्द दिला असेलही, एडवर्डचा स्वभाव बघता अशक्य काही नाही. पण एलिझाबेथशी केलेलं लग्न चर्चमध्ये जाहीर घोषणा करून केलं असतं, तर हरकत तेव्हाच निघाली असती, एलेनॉर जिवंत होती. चोरून केलं म्हणून तर एकोणीस वर्षांनी उकरता आलं. १४८५ मध्ये सातवा हेन्री गादीवर आला, त्यानं तो कायदा न वाचता रद्द करायला लावला आणि सगळ्या प्रती नष्ट करा म्हणून हुकूम काढला, कारण त्याला याच "अनौरस" मुलांच्या बहिणीशी लग्न करायचं होतं. जानेवारी १४८६ मध्ये केलंही, पोपची सूट घेऊनच. कायद्याची प्रत मात्र कुठेतरी वाचली, म्हणून आपण हे सगळं वाचतोय.

बारा वर्षांच्या मुलींची लग्नं तेव्हा सर्रास व्हायची का?

लग्न लावायचे, पण संसार सुरू करायला बहुतेक घरं थांबायची. मार्गारेट ब्यूफर्टच्या बाबतीत थांबले नाहीत. ओवेन ट्यूडरचा मुलगा एडमंड, त्यानं १४५५ मध्ये तिच्याशी लग्न केलं तेव्हा ती १२ ची. एक वर्षात एडमंड वारला आणि जानेवारी १४५७ मध्ये पेंब्रोकच्या किल्ल्यात तिनं सातव्या हेन्रीला जन्म दिला, वय १३. नंतर दोन लग्नं झाली, मूल पुन्हा झालं नाही. पुढे नातीला स्कॉटलंडच्या राजाला द्यायचं ठरलं तेव्हा आजीनं अडवून धरलं, इतक्यात पाठवू नका, तो थांबणार नाही. याच्याबद्दल मी जोक करत नाही.

यांच्या कबरी बघायला मिळतात का?

काही मिळतात. कॅथरीन स्विनफर्ड लिंकन कॅथीड्रलमध्ये, शेजारी तिची मुलगी. एलिझाबेथ वूडव्हिल विंडसरला नवऱ्याजवळ, दफन अगदी साधेपणानं झालं, तशीच तिची इच्छा होती. फ्रान्सची कॅथरीन वेस्टमिन्स्टर ॲबीत, पण तिचे हाल झाले, नातवानं, सातव्या हेन्रीनं, तिथे नवं बांधकाम काढलं आणि तिचा देह पुढे कित्येक पिढ्या लोकांना दिसेल असा वरच पडून राहिला. सॅम्युअल पेपिस या रोजनिशी लिहिणाऱ्या गृहस्थानं १६६९ मध्ये स्वतःच्या वाढदिवशी जाऊन तिच्या ओठांचं चुंबन घेतलं आणि राणीला किस केलं म्हणून मोठ्या आनंदानं लिहून ठेवलं. १८७८ मध्ये तिला पाचव्या हेन्रीच्या चॅपलमध्ये नीट ठेवलं.

आणि जोन. युवराजानं कँटरबरीच्या तळघरात ते चॅपल बांधलं, स्वतः त्याच कॅथीड्रलमध्ये मोठ्या थाटात पुरला गेलाय. जोन १३८५ मध्ये वारली. मृत्युपत्रात तिनं लिहून ठेवलं होतं की मला स्टॅमफर्डला ग्रेफ्रायर्समध्ये ठेवा, थॉमस हॉलंडजवळ. ठेवलं. तो मठ पुढे पाडला गेला, आता तिथे एक जुनी कमान तेवढी उभी आहे.